पद्मिनी घेताय, सांभाळताय? मग या चुका टाळा

ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी मोटार वीस वर्षांची झाली, टॅक्सीसाठीची वयोमर्यादा भरली आणि २०२३च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली पद्मिनी टॅक्सी संपली. खाजगी पद्मिनी मात्र अजून बऱ्याच आहेत. कुणाच्या बंगल्यात, कुणाच्या सोसायटीत कव्हरखाली, कागदावर अजून आजोबांचंच नाव. अशी एखादी गाडी बाहेर काढून चालती करायची हौस आली की पहिल्या वर्षात ठरावीक दुखणी निघतात. गरम होते, उन्हात बंद पडते, गिअर अडकतो, हँडल थरथरतं. मग ‘जुनी गाडी आहे, चालायचंच’ म्हणून सोडून दिलं जातं. माझं मत विचाराल तर यातली बरीचशी दुखणी वयाची नसतात. गाडी कोणत्या हिशेबाने बांधली आहे हे न बघता तिला हात लावला, त्याची ती फळं असतात.

तो हिशेब असा. मार्च १९५३मध्ये जिनिव्हाच्या मोटर शोमध्ये फियाटने ११००/१०३ ही गाडी दाखवली. दांते जाकोसा यांच्या देखरेखीखाली तिचा आराखडा झाला होता. युद्धातून सावरणाऱ्या इटलीत पैसा जपून वापरायचा होता आणि घरची माणसं तर सगळी मावायला हवी होती. म्हणून चार दारं, ऐसपैस बाकं, १०८९ सीसीचं लहान इंजिन आणि वजन नऊशे किलोच्या आत-बाहेर. आपल्याकडे प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात ती १९५४पासून काढली; लोक जिला ‘डुक्कर फियाट’ म्हणायचे ती हीच. १९६४मध्ये ११०० डी, म्हणजे ‘डिलाइट’ आली. फियाटशी करार संपल्यावर तिची काही काळ ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४पासून ‘पद्मिनी’. २०००च्या सुमारास उत्पादन थांबलं. म्हणजे १९९५ची पद्मिनी घेतलीत तरी तिच्या पत्र्याखाली पन्नासच्या दशकातलं गणित आहे, आणि त्या गणितात जादा वजनाला आणि जादा ताकदीला जागाच ठेवलेली नाही.

रंग बघून गाडी घेणं

पद्मिनीला वेगळी चासी नाही. फियाटने १९५०च्या १४०० मॉडेलमध्ये पहिल्यांदा बॉडीलाच सांगाडा बनवलं आणि तीच पद्धत ११००ला आणली. जीपचा किंवा ट्रकचा पत्रा कुजला तरी खालच्या लोखंडी चौकटीवर गाडी उभी राहते. इथे फ्लोअर, दाराखालच्या सिल, मधले खांब आणि छत हे सगळे मिळून भार वाहतात. त्यातल्या त्यात सिल सगळ्यात महत्त्वाची. ती आतून पोकळ पेटी असते आणि कुजते तीही आतूनच. बाहेर आरशासारखा रंग आणि आत गंजाचा भुगा अशी गाडी, विशेषतः समुद्राकाठच्या गावांत, सर्रास मिळते.

विकायच्या आधी अशा गाडीचं काय होतं ते ठाऊक असावं. कुजलेल्या सिलवर नव्या पत्र्याची पट्टी ठेवायची, चार ठिकाणी वेल्डिंगचे टाके मारायचे, वर लांबी (पत्र्यावर भरायची पुटी) भरून घासायची आणि रंग मारायचा. एक पावसाळा निघतो. दुसऱ्या पावसाळ्यात रंगाला फोड येतात, तोवर गाडी तुमच्या नावावर झालेली असते.

तपासायला एक लहान लोहचुंबक रुमालात गुंडाळून न्या. सिलवरून, चाकांच्या कमानींवरून, दारांच्या खालच्या कडांवरून फिरवा. जिथे पकड सुटते तिथे लांबीचा जाड थर आहे. मग दारं बघा. बंद दार आणि खांब यांच्यातली फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का? दार लावताना किंचित उचलून घ्यावं लागतं का? तसं असेल तर एकतर बिजागरी झिजली आहे किंवा गाडी मधून खचली आहे. कोणतं ते ठरवायला बाजूच्या पॉइंटला जॅक लावून गाडी जरा उचला आणि तेच दार पुन्हा उघड-मिट करा. फट बदलली, दार अडकायला लागलं, तर बॉडी वाकतेय. जॅक वर जाण्याऐवजी सिलच्या आतच घुसायला लागला आणि खालून लाल भुगा गळला, तर पुढे काही तपासायची गरज नाही. किमतीची बोलणी नव्याने सुरू करा किंवा नमस्कार करून निघा.

दुरुस्ती करून घेताना होणारी चूक याहून महागात पडते. गाडी स्टँडवर चढवतात आणि दोन्ही बाजूंच्या सिल एकदम कापून काढतात. त्या क्षणी फ्लोअर मधून खाली येतं आणि नव्या सिल त्या वाकलेल्या स्थितीतच वेल्ड होतात. नंतर कितीही ठोकलं तरी दारं नीट बसत नाहीत. आधी आतून, पुढच्या खांबापासून मधल्या खांबापर्यंत, लोखंडी अँगल टाकून दाराची चौकट पक्की करायची. मग एकच बाजू घ्यायची, ती पूर्ण करायची, दार बसवून बघायचं आणि त्यानंतर दुसरीला हात घालायचा. वेल्डिंगला सुरुवात करण्यापूर्वी बॅटरी सोडायची, आणि पेट्रोलची टाकी काढून गाडीपासून लांब ठेवायची.

नवा रंग झाल्यावर खालून काळं अंडरकोटिंग मारून घ्यायची पद्धत आहे. मारा, पण दाराच्या तळाशी पाणी निचरायला ठेवलेली भोकं त्यात बुजतात. काचेवरून आत उतरलेलं पाणी मग दारातच साठतं. भोकं तारेने मोकळी करायला दोन मिनिटं लागतात. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळ्यात अधूनमधून तार फिरवत जा.

पूर्वी टॅक्सी असलेली गाडी घेत असाल तर डिकीत वाकून बघा. सीएनजीची टाकी बसवण्यासाठी पाडलेली भोकं आणि तिच्या पट्ट्यांखालचा दबलेला पत्रा लपत नाही. लोखंडी टाकीचं ते वजन वर्षानुवर्षं मागच्या पाट्यांवर, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगवर, बसलेलं असतं.

थर्मोस्टॅट काढून टाकणं

‘आपल्याकडे कुठे बर्फ पडतो? कशाला पाहिजे थर्मोस्टॅट?’ हे वाक्य पद्मिनीच्या प्रत्येक मालकाने ऐकलेलं असतं. गाडी गरम झाली की पहिला बळी या भागाचा जातो.

थर्मोस्टॅटचं काम इंजिन थंड ठेवणं एवढंच नाही. ते इंजिनाला ठरावीक तापमानावर आणून तिथेच टिकवतं. तो नसला की सकाळी इंजिन तापायला फार वेळ लागतो. तोवर चोक ओढलेला, मिश्रणात पेट्रोल जास्त, आणि न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं, त्यात ओलावा साठतो, ऑइलच्या झाकणाखाली पिवळट साय धरते. पाच-सहा किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत हे फार होतं, आणि हौसेच्या पद्मिनी बहुतेक तेवढ्याच धावतात. शिवाय गाडी गरम होण्याचं मूळ कारण तसंच राहतं ते राहतंच.

ते मूळ कारण शोधायचं तर इंजिन कशाचं बनलंय ते बघावं लागतं. ब्लॉक बिडाचा, त्यावर हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, ॲल्युमिनियमचं, पुढे रेडिएटर तांब्या-पितळेचा. तीन वेगळे धातू आणि त्यांच्यातून फिरणारं पाणी. त्यात बोअरचं क्षारयुक्त पाणी भरलं की गंजायची सगळी सोय झाली, आणि झीज सोसतं ते हेडचं ॲल्युमिनियम. पाण्याच्या वाटांच्या कडा खाल्ल्या जातात, हेड आणि ब्लॉकमधल्या पॅकिंगला, म्हणजे गॅस्केटला, धरायला सपाट जागा उरत नाही. बिडाचा गंज आणि क्षार ब्लॉकमध्ये मागच्या बाजूला गाळ म्हणून बसतात, म्हणून पुढचा रेडिएटर चकचकीत साफ करूनही मागचा सिलिंडर तापत राहतो. रेडिएटर बाहेर रॉडिंगला (नळ्या सळईने साफ करायला) पाठवला आणि ब्लॉकचा ड्रेन प्लग उघडलाच नाही, तर अर्धंच काम झालं. तो प्लग उघडल्यावर बरेचदा काहीच गळत नाही. आत तार घालून गाळ फोडावा लागतो आणि मग चहाच्या रंगाचं पाणी येतं. ते स्वच्छ यायला लागेपर्यंत उलट्या दिशेने पाणी सोडा. नंतर भरताना डिस्टिल्ड वॉटर आणि ॲल्युमिनियमला चालणारा कूलंट.

एवढं करूनही गरम होत असेल तर पाण्याचा नाद सोडून इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, बघा. टायमिंग मागे असलं की जळण उशिरा होतं, उष्णता पिस्टन ढकलण्याऐवजी एक्झॉस्टकडे आणि पाण्याकडे जाते. कानाने लावलेलं टायमिंग चालतं, पण डिस्ट्रिब्यूटरमधले ठिणगी पाडणारे पॉइंट झिजले की ते सरकतं, म्हणून पॉइंटचा गॅप आधी आणि टायमिंग नंतर हा क्रम मोडू नका. फॅन बेल्टही दाबून बघा. या गाडीत पाण्याचा पंप आणि पंखा दोन्ही त्याच एका बेल्टवर आहेत.

आता हेड गॅस्केटचं. ते गेलं की नाही हे ओळखायच्या खुणा: डिपस्टिकवर दुधाळ ऑइल, इंजिन चालू असताना रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे, शेजारच्या दोन सिलिंडरचं कॉम्प्रेशन एकदम खाली. हेड काढायची वेळ आली तर चुकांची एक अख्खी माळ वाट बघत असते. गरम इंजिनावर हेडचे नट सोडणं ही पहिली. ॲल्युमिनियम बिडापेक्षा खूप जास्त प्रसरण पावतं, गरम असताना सोडलं की ते वाकडं होतं. रात्रभर थंड होऊ द्या. हेड चिकटलं म्हणून फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटणं ही दुसरी. मऊ धातूवर पडलेला एक ओरखडा नव्या गॅस्केटचा जीव घेतो. बाजूने लाकडाच्या ठोकळ्याने हलके ठोके द्या.

तिसरी चूक ‘फेस मारून घेऊ’ ही. हेड मशीनवर घासून सपाट करणं गरजेचं असू शकतं, पण आधी सरळ पट्टी आणि फीलर गेजने वाक मोजा. ज्या हेडला प्रत्येक मेकॅनिकने सवयीने फेस मारलाय ते शेवटी इतकं पातळ होतं की कॉम्प्रेशन वाढतं, चढावर इंजिन टकटकतं आणि दोष पेट्रोलला दिला जातो. बसवताना नट मधून बाहेरच्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्यानेच आवळायचे. काही शे किलोमीटर चालल्यावर थंड इंजिनावर पुन्हा आवळायचे आणि त्यानंतर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हजवळची फट, पुन्हा सेट करायचे, कारण व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर हेडवर बसलेले आहेत. हेड जरा जरी खाली दबलं तरी टॅपेटची फट बदलते. हे शेवटचं काम गॅरेजमध्ये नेहमी राहून जातं. स्वतः आठवण करून द्या.

पेट्रोलमधलं शिसं फेब्रुवारी २०००पासून देशभर बंद झालं. त्यामुळे व्हॉल्व्हच्या सीट खराब होतील ही भीती पद्मिनीच्या बाबतीत थोडी वाढवून सांगितली जाते. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये सीट मुळातच वेगळ्या, बसवलेल्या असतात. हेड उघडलेलंच असेल तर कडक धातूच्या सीट बसवून घ्या. त्यासाठी मुद्दाम चालत्या गाडीचं हेड उघडू नका.

उन्हात बंद पडली की लगेच ‘व्हेपर लॉक’ म्हणणं

एप्रिल-मेमधली दुपार, सिग्नलला पाच मिनिटं उभं राहणं, गाडी गचके देऊन बंद. ड्रायव्हर बोनेट उघडतो, पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकतो, बिडी ओढून होईपर्यंत गाडी चालू. हे दृश्य एका पिढीने रोज पाहिलंय आणि त्यामागचं शास्त्र खरं आहे. पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनाच्या ब्लॉकलाच बोल्टने बसवलेला, कॅमशाफ्टवर चालणारा. मागच्या टाकीतून तो पेट्रोल ओढून घेतो. ओढीच्या बाजूला दाब कमी असतो, ब्लॉकची उष्णता लागते, पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसती वाफ हलवत बसतो.

पण गरम झाल्यावर बंद पडणाऱ्या प्रत्येक गाडीला व्हेपर लॉक नसतो. गरम झाल्यावर दगा देणारे आणखी दोघे आहेत: इग्निशन कॉइल आणि डिस्ट्रिब्यूटरमधला कंडेन्सर. दोघेही थंड झाले की गुणी बाळासारखे चालतात, म्हणून फडकं टाकून थांबलं की गाडी चालू होते आणि श्रेय फडक्याला मिळतं. म्हणून गाडी बंद पडल्यावर आधी एका प्लगची वायर काढा, सुटा प्लग तिला लावून इंजिनाच्या धातूवर टेकवा आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. ठिणगी निळी, कडकडीत असेल तर पेट्रोलकडे वळा. पिवळी, मरगळलेली असेल तर फडकं सुकू द्या आणि कंडेन्सर बदला. ही तपासणी करताना पेट्रोलचा पाइप उघडा नको, हे वेगळं सांगायला नकोच.

खरंच व्हेपर लॉक असेल तर पाइप एक्झॉस्टच्या जवळून गेलाय का ते बघा. जुन्या गाड्यांत हा पाइप कधी ना कधी बदललेला असतो, आणि बदलणाऱ्याने जवळची वाट धरलेली असते. पंप आणि ब्लॉक यांच्यामधला जाड, उष्णता अडवणारा पॅकिंगचा ठोकळा फेकून साधं कागदी गॅस्केट टाकलेलं असतं, तेही तपासा. तापलेल्या इंजिनावर बाटलीने गार पाणी ओतणं मात्र पूर्ण टाळा. हेड ॲल्युमिनियमचं आहे.

इलेक्ट्रिक पंप हा चांगला उपाय आहे, पण तो कार्ब्युरेटरच्या गाडीसाठीचा कमी दाबाचाच हवा. इंजेक्शनच्या गाडीचा पंप त्याच्या दहापट दाब देतो. कार्ब्युरेटरची निडल तो दाब अडवू शकत नाही, पेट्रोल वरून वाहतं आणि गरम मॅनिफोल्डवर पडतं. पुढचं तुम्हीच समजा.

आता त्यात इथेनॉलची भर पडली आहे. २०२३पासून २० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल पंपांवर यायला लागलं. पद्मिनीच्या पंपातला पडदा, रबरी होज, कार्ब्युरेटरची पॅकिंग यासाठी बनलेलीच नाहीत. ती फुगतात, मऊ पडतात, तडकतात. इथेनॉलला चालणाऱ्या रबराचा पडदा आणि होज एकदाच बदलून घ्या. इथेनॉल जुन्या टाकीच्या तळातला गाळही सोडवतं, म्हणून पहिल्या काही टाक्यांत कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये कचरा येणार हे धरून चाला आणि टाकीनंतर पारदर्शक फिल्टर बसवा. गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवा. ओलावा ओढून घेतलेलं पेट्रोल त्या छोट्या वाटीत महिनोन्‌महिने राहिलं की तळाला पांढरी पूड जमते.

घाटात न्यूट्रल, सपाटीवर टॉप

पेट्रोल वाचवायच्या या दोन जुन्या सवयी. खंडाळ्याचा किंवा कसाऱ्याचा घाट उतरताना न्यूट्रल टाकला की गाडीचं सगळं वजन ब्रेकवर येतं. चारही चाकांना ड्रम आहेत. ड्रम तापला की फुगून शूपासून लांब जातो, लायनिंगची पकडही उतरते, पेडल खाली-खाली जातं. जुन्या पद्मिनींत ब्रेकचं सर्किट एकच असतं. एका चाकाचा सिलिंडर गळला तरी चारही चाकांचा ब्रेक जातो. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. बरीच वर्षं उभी असलेली गाडी घेतली असेल तर पहिल्या घाटापूर्वी चारही चाकांचे सिलिंडर आणि मास्टर सिलिंडर उघडून रबर किट बदलाच. ब्रेकची बाटली भरताना हाताशी आहे म्हणून दुसरं कुठलं ऑइल ओतू नका. खनिज तेलाने ती रबरं फुगून जाम होतात.

दुसरी सवय निरुपद्रवी वाटते, म्हणून जास्त नुकसान करते. ताशी तीसला टॉप, म्हणजे शेवटचा गिअर, टाकायचा आणि इंजिन कण्हत असताना ॲक्सिलरेटर दाबत राहायचा. जेमतेम ४० अश्वशक्तीचं हे इंजिन आहे. त्याची खरी ओढ मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या आसपास आहे. क्रँक तीन बेअरिंगवर बसलेला आहे. कमी फेऱ्यांत जोर मागितला की त्या बेअरिंगवर हातोडे पडतात आणि पंखाही हळू फिरत असल्याने इंजिन तापतं. तिसरा गिअर वापरा. ही गाडी थोडी गाऊ दिली की खूश असते.

हँडल थरथरलं की अलाइनमेंट

ताशी पन्नास-साठला हँडल थरथरतं, मालक अलाइनमेंट करून आणतो, आठवड्याने परत तेच. अलाइनमेंट शेवटची पायरी आहे. आधी चाकांचं बॅलन्सिंग. मग पुढचं चाक जॅकवर घेऊन टायर वर आणि खाली दोन्ही हातांनी धरा आणि हलवा. खेळ जाणवला तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर तो व्हील बेअरिंगचा. राहिला तर किंगपिनचा, म्हणजे पुढचं चाक ज्याच्यावर वळतं त्या खिळीचा. या एका तपासणीने बरेच पैसे वाचतात, कारण किंगपिनचं काम बेअरिंगच्या कितीतरी पट मोठं आहे आणि सरसकट दोन्ही सुचवलं जातं.

किंगपिन टिकतो तो ग्रीसवर. सर्व्हिस स्टेशनला गाडी चाकांवर उभी असताना ग्रीस गन लावतात. तेव्हा गाडीचं वजन पिनच्या एका बाजूला दाबलेलं असतं, ग्रीस दुसऱ्या मोकळ्या बाजूने बाहेर येतं आणि काम झालं असं वाटतं. चाक उचलून, हँडल दोन्हीकडे फिरवत ग्रीस मारायला सांगा. जुनं काळं ग्रीस निघून नवं दिसेपर्यंत.

ताशी चाळीस-पन्नासला सीटखालून घरघर येत असेल तर गिअरबॉक्स उघडायच्या आधी प्रोपेलर शाफ्टचं (गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचं) मधलं बेअरिंग आणि त्याचं रबर बघा. शाफ्ट दोन तुकड्यांत आहे, आणि ते रबर बसलं की आवाज नेमका कुठून येतो ते कळत नाही.

गिअर अडकला म्हणून जोर करणं

कॉलमवरचा, म्हणजे हँडलच्या दांड्यावरचा, गिअर दोन लिंकच्या मधे अडकतो, ना पहिला पडतो ना रिव्हर्स. दांडी ओढाताण करून सरळ होत नाही, वाकते. इंजिन बंद करा, बोनेट उघडा, कॉलमच्या तळाशी गिअरच्या लिंक दिसतील. क्लच दाबून धरलेला असताना त्या हाताने एकेक करून न्यूट्रलला आणा. हे वारंवार होत असेल तर लिंकच्या बुश झिजल्यात. शंभरातल्या नव्वद वेळा गिअरबॉक्स निर्दोष असतो. नव्वदच्या दशकातल्या एस-वन या पद्मिनीत फ्लोअर गिअर आला, तिला हे दुखणं नाही. पहिल्या गिअरला सिंक्रो (दात जुळवून घेणारी सोय) नाही, म्हणून चालत्या गाडीत तो टाकू नका. टाकायचाच तर डबल क्लच, म्हणजे मधे न्यूट्रलला येऊन दोनदा क्लच दाबणं, शिका.

जादा पाटा, रुंद टायर

मागून खाली बसलेल्या गाडीला एक पाटा वाढवून घेणं फार सोपं आणि फार चुकीचं. हलक्या शेपटीखाली ट्रकची स्प्रिंग आली की ओल्या रस्त्यावर मागचं चाक खड्ड्यात उडतं आणि बाजूला सरकतं. आहे त्या पाट्यांना कमान काढून घ्या, बुश आणि शॉक ॲब्सॉर्बर बदला. मूळ टायर ५.२०-१४ असा अरुंद. रेडियल घालायचे तर अरुंदच घ्या, चारही सारखे घ्या. रुंद अलॉय रिम बाहेर काढल्या की हँडल जड होतं आणि किंगपिनवरचा ताण वाढतो. जुन्या पद्धतीचा टायर आणि रेडियल एकाच ॲक्सलवर कधीच नको.

लाइटचंही तेच. डायनॅमो असलेल्या गाडीवर शंभर वॉटचे बल्ब, दोन हॉर्न आणि स्टिरिओ चढवला की रात्रीच्या प्रवासात बॅटरी बसणार. हा भार कमी करा किंवा डायनॅमोऐवजी आल्टर्नेटर बसवा.

‘११०० डी’ लिहिलंय म्हणून पार्ट मागवणं

युरोपातून ऑनलाइन पार्ट मागवणाऱ्यांनी हे नीट वाचा. इटलीत १९६२ला आलेल्या ११०० डीचं इंजिन १२२१ सीसीचं होतं, बोअर (सिलिंडरचा व्यास) ७२ मिलिमीटर. आपल्याकडच्या ११०० डीची बॉडी तीच, पण इंजिन १०८९ सीसीचंच राहिलं, बोअर ६८. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, दोन्हींचा ७५. नाव सारखं, डबा सारखा, पिस्टन मात्र चार मिलिमीटरने मोठा. गॅस्केटचंही तेच. मागवण्यापूर्वी बोअर मोजा, आणि तो आधी घासून किती मोठा (ओव्हरसाइझ) केलाय तेही. जुनी वाक्यं सांगणाऱ्या दुकानदारापेक्षा व्हर्निअर कॅलिपरवर विश्वास ठेवा.

कागद शेवटी बघणं

केंद्राने जुलै २०२१मध्ये विंटेज गाड्यांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ रूपात असलेली खाजगी गाडी ‘व्हीए’ मालिकेत नोंदवता येते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, ती दहा वर्षं चालते, नूतनीकरणाला ५,०००. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला असेल तर ही सवलत नाही. म्हणजे १९७४ची पद्मिनी घेऊन त्यात दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवणाऱ्याने हा दरवाजा स्वतःच बंद केला. उलट बाजूही लक्षात घ्या: विंटेज नोंदणीची गाडी प्रदर्शन, रॅली, देखभाल, पेट्रोल भरणं अशा कामांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोज ऑफिसला न्यायची असेल तर साध्या नोंदणीचं नूतनीकरण आणि फिटनेस हाच मार्ग.

आरसी बुकावरचा इंजिन नंबर ब्लॉकवरच्या नंबराशी स्वतः जुळवा. त्यावर ग्रीस आणि धूळ बसलेली असते; रॉकेलच्या फडक्याने पुसा आणि कागद ठेवून पेन्सिलने उमटवून घ्या. चासी नंबरचंही तसंच. दोन्ही कागद आरसीशेजारी ठेवून आकडा आकडा मिळाला, मागचं कर्ज आणि दंड फिटल्याचं दिसलं, की मगच बयाणा द्या.